न शिकवता दिलेला ढोल

कोफी घानाहून पुण्यात आला तो मानसशास्त्रात एम.ए. करायला. धायरीत तो आणि त्याचा वर्गमित्र तेजस एकत्र राहत. कॉलेजला जाताना बसमध्ये लोक उभ्यानं जात, पण कोफीच्या शेजारी बसत नसत.

गणपती जवळ आल्यावर तेजस त्याला नदीपात्रात ढोल-ताशा पथकाच्या सरावाला घेऊन गेला. पथकप्रमुख पृथ्वीराज तोंडाचा तिखट. त्यानं नाव विचारलं.

"कोफी. म्हणजे शुक्रवारी जन्मलेला."

"मग आपण शुक्रवार पेठेतलेच की!" म्हणत पृथ्वीराजनं त्याच्या कमरेला ढोल बांधला आणि थेट पहिल्या रांगेत उभं केलं. बाकीचे नवे मागे टाळ्यांवर ठेका शिकत होते.

पहिल्याच फटक्याला कोफीच्या हातातलं टिपरू उडालं ते ताशेवाल्याच्या पाठीवर. सगळं पथक थांबलं.

"अहो, आफ्रिकेतले असून तुम्हाला ढोल येत नाही?" पृथ्वीराज चकित झाला.

"माझे वडील बँकेत आहेत. आमच्या घरी फक्त बातम्या वाजतात."

हशा पिकला. कोफीही हसला, मग तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाला, "बसमध्ये माझ्याजवळ कोणी बसत नाही. इथे न शिकवता पहिली रांग. मला दोन्ही सारखंच वाटलं. मेंदूला घाई असते. चेहरा दिसला की जुनं उत्तर काढून तो मोकळा. आम्ही हेच शिकतो. माझा मेंदूही तसाच. मला वाटायचं, सगळे भारतीय रोज योगासनं करतात."

"तरीच मला शीर्षासन शिकव म्हणून मागे लागला होतास!" तेजस ओरडला.

पृथ्वीराजनं कोफीच्या कमरेचा ढोल सोडला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "या आता मागे. सगळ्यांसारखं शिका, सगळ्यांसारखी बोलणी खा."

कोफीनं ती आनंदानं खाल्ली. "ढोल आहे तो, शेजाऱ्याचं दार नाही!" हे तर पृथ्वीराजचं रोजचंच. हळूहळू हात बसला. बसमधले अनोळखी लोक तसेच राहिले. पण सरावाहून परतताना पथकातली चार-पाच जणं त्याला घेरून ठेक्यावरून वाद घालत.

विसर्जनाच्या दिवशी बुधवार पेठेत तो तिसऱ्या रांगेत होता, घामानं निथळत, एकही ठेका न चुकवता. ढोल उतरवल्या उतरवल्या त्यानं आईला व्हिडिओ कॉल लावला. हातावरचे फोड पाहून ती घाबरली. "तिकडे तुला कामाला जुंपलंय का?"

कोफीनं फोन पथकाकडे फिरवला. गुलालानं माखलेल्या साठ-सत्तर जणांनी एकदम हात हलवले, आणि आई हसू लागली.