पहिल्या रविवारची मावशी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते लोणखेड्याच्या माझ्या घरमालकीणबाईंचे. त्यांनी मला गणित शिकवलं नाही. त्यांना ते येतही नव्हतं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि ते त्यांच्यामुळे, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

दहावीपर्यंत मी डोंगरातल्या आश्रमशाळेत होतो. अकरावी सायन्सला लोणखेड्याला आलो आणि त्यांच्या घरामागची एक खोली घेतली. दिवाळीनंतर आई-वडील आणि मोठा भाऊ दरवर्षीप्रमाणे गुजरातेत ऊसतोडीला गेले. जाताना वडील म्हणाले होते, "नाही जमलं तर सांग. पुढच्या दिवाळीला आमच्याबरोबर चल." ते रागाने बोलले नव्हते. भाऊसुद्धा तसाच गेला होता.

आणि मला जमत नव्हतं. वर्गात सर फळ्यावर लिहीत, मी वहीत उतरवून घेई आणि खोलीवर येऊन त्या वहीकडे बघत बसे. घरी आम्ही पावरी बोलतो. इथे सगळे अहिराणी बोलत, आणि पुस्तक मराठीतही नव्हतं, इंग्रजीत होतं. काय विचारायचं तेच कळत नव्हतं, मग कोणाला विचारणार?

शिकवणीसाठी मी शेजारच्या शहाद्यात बरंच फिरलो. मोठ्या पाट्यांच्या क्लासेसमध्ये बॅच भरलेल्या होत्या, आणि माझं कच्चं होतं ते आठवी-नववीचं गणित. शेवटी झेरॉक्सवाल्याने सांगितलं, "पुरुषोत्तमनगरले एक सर शेतस. कारखान्यामा लॅबले. पाटी नही लावत. पन पोरं घडावतस."

साखर कारखान्याच्या क्वार्टरच्या ओट्यावर सर सहा-सात मुलांना शिकवत. लॅबमधली पाळी बदलली की शिकवणीची वेळही बदले. रविवार सकाळ तेवढी ठरलेली. त्यांनी मला दोन गणितं घातली, मी कुठे अडतो ते पाहिलं आणि म्हणाले, "घेतो तुला. पालकांना घेऊन ये. महिन्याच्या पहिल्या रविवारी पालकांनी इथे तासभर बसायचं, हा माझा नियम आहे."

मी सांगितलं, "ते ऊसतोडीला गेलेत. होळीला येतील."

"मग होळीनंतर ये," सर म्हणाले. आवाजात जराही कठोरपणा नव्हता.

होळीनंतर परीक्षेला किती दिवस उरणार होते? परतताना उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. गाड्यांवर बसलेली माणसं कुठल्या तरी दुसऱ्या डोंगरातली होती.

घरमालकीणबाई एकट्याच राहत. यजमान वारले होते, मुलगा सुरतला होता. आमचं बोलणं फारसं नसे. दिसलो की त्या टोमणा मारायच्या, "भाडोत्री शे का भूत शे? पायनाबी आवाज येत नही." त्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय रे, लागनी का शिकवनी?" मी नियमाचं सांगितलं.

रविवारी सकाळी पाहतो तर इस्त्रीचं लुगडं नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन त्या फाटकाशी उभ्या.

"चाल. कोठे ऱ्हास तुन्हा मास्तर?"

रिक्षात त्यांनी विचारलं, "मी तुन्ही कोन लागस, ते ठराव पहिले."

"मावशी सांगू?"

"सख्खी सांग. चुलत मावशी इतली लांब येत नही."

सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझा चेहरा डोंगरातला, त्यांचा तापीकाठचा. सरांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. तरी त्यांनी आतून खुर्ची आणली. मावशींनी पिशवीतून कापूस काढला आणि तासभर वाती वळत बसल्या.

सरांनी एक उदाहरण समजावलं आणि मला विचारलं, "कळलं?" मी मान हलवली.

"सर," मागून आवाज आला, "याले काहीच समजनं नही."

पोरं हसली. सरांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"समजत नही तवयच हाऊ मान हालावस. घरबी तसंच. जेवना का इचारं, ते मान हालावस. नि ताट कोरडं ऱ्हास."

आता कोणी हसलं नाही. मला वर बघवेना. रात्री मी कितीदा तरी न जेवता झोपत असे, ते कोणाला ठाऊक असेल असं मला वाटलंच नव्हतं. सरांनी तेच उदाहरण पुन्हा पहिल्यापासून घेतलं. त्यानंतर मी मान हलवली की ते खडू माझ्या हातात देत.

मावशी दर पहिल्या रविवारी आल्या. होळीनंतर वडील परतले, तेव्हा त्यांनाही घेऊन आल्या. दोघांना एकमेकांची भाषा नीट येत नव्हती. त्यांनी वडिलांच्या हातात थोडा कापूस दिला. कोयत्याने घट्टे पडलेल्या हातांनी वडील वाती वळू लागले. त्या जाडच होत होत्या.

मी अकरावी पास झालो, बारावीही. पुढच्या दिवाळीला ऊसतोडीला गेलो नाही. पदवी घेतली, नोकरी लागली ती दूर, समुद्राकडच्या एका तालुक्यात. मागच्या महिन्यात सरांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "तुझी मावशी अजून येते. ज्यांचे आई-बाप कामाला गेलेत, त्यांची मावशी होऊन." मी फोन ठेवला. मग हे पत्र लिहिलं. त्या चौथी शिकलेल्या आहेत, म्हणून अक्षर मोठं काढलं.

ती. मावशीस सा. न.

इतकी वर्षं पत्र पाठवलं नाही, याची लाज वाटते. नोकरी बरी आहे. खोलीच्या खिडकीतून खाडी दिसते. इथली माणसं चांगली आहेत, पण संध्याकाळी ती आपापल्या घरी जातात. परवा साहेबांनी विचारलं, कळलं का? मी मान हलवली आणि मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

मग मीच सांगितलं, कळलं नाही, पुन्हा सांगा. त्यांनी सांगितलं.

तुम्ही अजून पुरुषोत्तमनगरला जाता, हे सरांकडून कळलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येत आहे. तुमच्याशेजारी आणखी एक खुर्ची ठेवायला सरांना सांगा. कापूस थोडा जास्त आणा.

मी जेवतो. ताट ओलं असतं.

तुमचा,
मागच्या खोलीतला