तिसरं कडवं माझं

मोठ्या जावेने भर तालमीत माझ्या हातातला माईक काढून घेतला. म्हणाली, "तुझा आवाज बसलाय गं. तू आपली मागे बसून टाळ्या वाजव." शिरगावातल्या आमच्या बायकांच्या लोकगीतांच्या ग्रुपमध्ये हळदीच्या गाण्याचं तिसरं कडवं पहिल्यापासून माझं. ते तिने घेतलं. मी डूख धरला, आणि चांगला जपून ठेवला.

अंबरनाथच्या एका लग्नात मी बुटका बेस, म्हणजे खर्जात वाजणारा छोटा गिटार, पाहिला होता. तो वाजतो तेव्हा कोणाचं लक्ष नसतं. थांबला की गाणारा लटपटतो. मला तोच हवा होता. उल्हासनगरचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये बच्चों का गिटार नहीं है. स्पीकर बॉक्स में लगाओ, फिर देखो."

चार जाड रबरी तारा. नव्या तारा सैलावत राहतात, रोज सूर उतरलेला. घामाने बोटं चिकटायची, म्हणून टाल्कम पावडर लावायला शिकले. ढोलकीच्या ठेक्यावर दोनच सूर घोटले, षड्ज आणि पंचम. कंटाळा आला की जावेचं तोंड आठवायचं. लगेच हुरूप यायचा.

ती बेसला खेळणं म्हणाली. मी हसले. आमच्याकडे पेटी नाही, आणि गाता गाता तिचा सूर चढत जातो. हळूहळू ती माझ्या बेसच्या सुरावर टेकायला लागली. तिला वाटलं, आपला रियाज फळला. मी तिला टेकू दिलं.

पालेगावच्या हळदीत तिने माझं तिसरं कडवं उचललं, आणि मी बेस मांडीवर आडवा ठेवून टाळ्या वाजवायला लागले. सूर चढत गेला. वरच्या ओळीला आवाज फाटला. नाचणाऱ्या बायका थांबल्या, नवरदेवाची आत्या फिदीफिदी हसली. मला इतकं बरं वाटलं!

जाऊ माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, थांबलीस काय? वाजव ना!"

"टाळ्या वाजवतेय ना, वहिनी. तुम्हीच सांगितलं होतं."

"सगळे बघतायत गं!"

"तिसरं कडवं कोणाचं?"

"तुझं बाई, तुझं! घे हा माईक."

मी पर्समधून पावडरची डबी काढली आणि एकेका बोटाला सावकाश लावली. मग बेस उचलला. माझे दोन्ही हात अडकलेले, म्हणून कडवं संपेपर्यंत माईक तिलाच माझ्या तोंडाशी धरून उभं राहावं लागलं.