चाळीसगावच्या शाहीनची खुंटी

भुताखेतांचं मला कधीच पटलं नाही. माझ्या सासूच्या अंगात यायचं. बायका तिच्या पाया पडायच्या आणि मी चुलीपाशी भाकरी थापत बसायचे, कारण अंगातलं उतरलं की तिला भूक लागते हे मला माहीत होतं. अशी मी बाई. वय बहात्तर, शाळा चौथीपर्यंत. हे मी वहीत लिहिलंय, आमच्या ऑफिसातल्या स्टेनो बाई टाईप करून तुमच्याकडे पाठवणार आहेत. त्या म्हणाल्या, अक्का, लोक त्यांच्याकडे असले अनुभव लिहून पाठवतात, तुम्हीही लिहा. लिहिते. पण भीती वाटावी असं यात काही नाही... वाईट वाटेल एवढंच.

धुळ्याला जिल्हा कोर्टाच्या मागच्या गल्लीत आमचं वकिलांचं ऑफिस आहे. तेरा-चौदा वकील. मालक म्हणजे सगळ्यात मोठे वकील, त्यांना सगळे आबासाहेब म्हणतात. मी तीस वर्षं तिथे झाडलोट, चहा-पाणी करते. आणखी एक काम माझ्याकडे आहे. वकील गळ्याला दोन पांढऱ्या पट्ट्या बांधतात ना, त्याला बँड म्हणतात. ज्युनियर पोरांचे बँड मी दर शनिवारी धुते, खळ घालते, इस्त्री करते. भिंतीवर आठ खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटीवर नावाची चिठ्ठी, त्याच खुंटीला ज्याचा त्याचा कोट आणि बँड.

दरवर्षी नवीन वकील घ्यायचे असले की इंटरव्यू होतात. आबासाहेबांची एक पद्धत आहे. आत सगळेच गोड बोलतात, म्हणून बाहेर बाकावर बसलेली पोरं कशी वागतात ते मी बघायचं. फरशी पुसताना पाय कोण उचलतो, म्हातारा पक्षकार आला तर उठून जागा कोण देतो. शेवटी आबासाहेब चहाला बाहेर येतात आणि विचारतात, "काय अक्का, कोण?" मी सांगते. बऱ्याचदा तेच होतं.

दुसरी पद्धत अशी की ज्याला घेतलं त्याला त्याच दुपारी कोर्टात नेऊन सीनियरच्या मागे उभं करायचं. त्यामुळे पोरं कोट-बँड सोबत घेऊनच येतात.

तिसरी पद्धत वाईट होती. ज्याला घ्यायचं नाही त्याला नाही म्हणायचं नाही. "कळवू" म्हणायचं. आणि कळवायचं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एकच जागा होती, आठव्या खुंटीची. वीसेक पोरं आली. त्यात चाळीसगावची शाहीन होती. सकाळच्या गाडीने आली होती. वडील टेलर, कोट त्यांनीच शिवलेला. असा बसला होता अंगावर, की आमच्या आबासाहेबांचासुद्धा तसा बसत नाही. मी फरशी पुसायला गेले तर पाय उचलून बसायचं सोडून ती बाकच उचलायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं, "इंटरव्यू माझा नाही, तुझा आहे."

"तुमचा पण चालूच असेल ना अक्का," ती म्हणाली. "तुम्ही मघापासून बघताय सगळ्यांकडे."

तीस वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तिने कोटाच्या खिशातून बँड काढला. प्रवासात घामाने पार लोळागोळा झालेला. मी म्हटलं, "असलं फडकं बांधून जज्जासमोर उभी राहशील? आण इकडे." धुतला, खळ घातली, मागच्या दोरीवर वाळत टाकला. पट्टीच्या आतल्या बाजूला हिरव्या दोऱ्याचे तीन टाके होते. वडिलांनी ओळखीसाठी घातलेले. टेलर लोकांची सवय.

तिचा नंबर दुपारी उशिरा लागला. मग आबासाहेब चहाला बाहेर आले. म्हणाले, "दोनच उरलेत. ही आणि आपल्या गल्लीतला रोहन. वडील वकील आहेत त्याचे. काय म्हणता?"

आता मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "पोर चांगली शे. पण रोज चाळीसगावहून येणार, चार महिन्यांत लग्न होणार, की निघाली. परत तुम्ही इंटरव्यू घ्या, परत मी शंभर कप चहा करू. तो रोहन तीन मिनिटांवर राहतो. त्याला घ्या."

त्यांनी त्याला घेतलं. शाहीनला सांगितलं, कळवू. ती गाडी गाठायला घाईने गेली, बँड दोरीवरच राहिला.

पुढच्या आठवड्यात सकाळी ऑफिस उघडलं तर फोन वाजत होता. "अक्का, काही ठरलं का?" मी म्हटलं, "कळवतील." चार दिवसांनी परत तेच. मला तेव्हा सांगता आलं असतं. रोहनची चिठ्ठी खुंटीवर समोर दिसत होती. पण ऑफिसची पद्धत. म्हटलं, "कळवतील ग." तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा तिने विचारलं नाही. म्हणाली, "माझा बँड तिथे राहिलाय ना? राहू द्या तिथेच. मला लागणारच आहे." मग तिचे फोन बंद झाले.

तो बँड मी पेपरात गुंडाळून माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. त्या पेटीत साखर, चहापत्ती, बिस्किटं असतात. कुलूप लावावं लागतं, कारण वकील झाले तरी पोरं बिस्किटं चोरतात. किल्ली एकच, माझ्या कमरेला.

एका शनिवारी आमचा क्लार्क चाळीसगावला निघाला होता. म्हटलं त्याच्याजवळ बँड देऊन टाकू. काढून बघते तर खळ मोडलेली, पट्ट्या मऊ पडलेल्या, आणि मानेकडच्या बाजूला घामाची मळकट रेघ. आठवडाभर गळ्यात बांधला की होते तशी. मी तीस वर्षं बँड धुतेय, ती रेघ मी ओळखते.

पहिला संशय रोहनवर. तडक त्याच्या टेबलापाशी गेले. "माझ्या पेटीतला बँड का रे घेतोस?"

"अक्का, माझ्याकडे सहा आहेत. आणि तुमच्या पेटीला हात लावायला मी वेडा आहे का?"

क्लार्क तोवर निघून गेला होता. मी बँड धुतला, खळ घातली, परत ठेवला. पुढच्या शनिवारी पुन्हा तीच रेघ. मग मी पेपराला दोरा गुंडाळून गाठ मारली, माझी गाठ, सासरी पोत्यांना मारायचे तशी. शनिवारी दोरा तसाच, गाठ तशीच. आत बँड मळलेला.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय, म्हणाले असते म्हातारीला विसर पडायला लागला. मलाही तेच वाटलं. तरी दर शनिवारी मी सात ज्युनियरांचे आणि रोहनचा धुऊन झाला की हा नववा काढायचे, धुवायचे. सवयीचं काम झालं ते. भीती वाटली नाही. कुणीतरी रोज कामावर येतंय आणि शनिवारी आपले कपडे आपल्याकडे टाकून जातंय, एवढंच वाटायचं. असे आठ-नऊ शनिवार झाले असतील.

तिसरा महिना लागला आणि रोहनने राजीनामा दिला. पुण्याच्या मोठ्या फर्ममध्ये जागा मिळाली म्हणे. माझा तीन मिनिटांवरचा पोरगा! जी चाळीसगावची टिकणार नाही म्हटलं होतं, तिच्याआधी हाच गेला. त्या शनिवारी मी आबासाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"त्या टेलरच्या पोरीला बोलवा. मी चुकले होते."

आबासाहेब हसले. "तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय हे. सोमवारी फोन करा, म्हणावं ये."

मी रोहनची चिठ्ठी खरवडून काढली. माझ्या हाताने कागदावर शाहीन लिहिलं, डिंकाने चिकटवलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं. मग पेटीतून बँड काढला. धुवायचा म्हणून काढला, तर त्या दिवशी तो स्वच्छ होता. गेल्या शनिवारी ठेवला तसाच ताठ. मला बरं वाटलं. म्हटलं संपलं एकदाचं, आता पोरगी खरोखरची येईल. बँड तिच्या खुंटीला अडकवला.

सोमवारी फोन केला. बंद. मंगळवारी बंद.

गुरुवारी सकाळी एक माणूस दारात उभा राहिला. साठीचा, पांढरी दाढी, हातात कापडी पिशवी. चपला बाहेर काढून आत आला.

"मी शाहीनचा अब्बा. चाळीसगावहून आलोय. तुम्हीच अक्का ना? ती म्हणायची, अक्का जोरात बोलतात, पण मनाने वाईट नाहीत."

मी म्हटलं, "बसा भाऊ. शाहीन कुठे आहे?"

"तुम्हाला कळवायचं राहून गेलं. मागच्या सोमवारी ताप आला. डेंग्यू निघाला. शुक्रवारी गेली."  तो पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिला. "ऑफिसला सांगायला पाहिजे होतं. दोन महिने तिने एक खाडा केला नाही, आणि शेवटी न सांगता राहिली, असं नको वाटायला. तिचं काही सामान इथे असेल तर तेही घेऊन जातो."

माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो खाली ठेवला.

तो बोलत होता. पोरगी रोज सकाळी कोट घेऊन गाडीला जायची, संध्याकाळी थकून यायची. आज कोणती केस झाली ते जेवताना सांगायची. तिची आई म्हणायची, अग बँड टाक धुवायला. तर ती म्हणायची, ऑफिसात अक्का आहेत, दर शनिवारी त्या धुतात.

आबासाहेब आवाज ऐकून केबिनच्या दारात आले. "कोण आहेत?" त्यांना तर ती मुलगी आमच्याकडे नव्हतीच हे माहीत होतं. आता ते तसं बोलले असते तर त्या माणसाने पोरगी दुसऱ्यांदा गमावली असती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "आपल्या शाहीन मॅडमचे वडील आहेत. ती गेली. तिची खुंटी दाखवत होते."

आबासाहेबांनी भिंतीकडे बघितलं. चिठ्ठी बघितली. मग येऊन पक्षकारांच्या बाकावर त्या माणसाच्या शेजारी बसले. मी त्यांना त्या बाकावर बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"हुशार होती," ते म्हणाले. "आमची चांगली वकील झाली असती."

तो माणूस उठून खुंटीपाशी गेला. नावाच्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. बँड काढला, उलटा केला, हिरवे टाके बघितले. पट्टी अंगठ्याने दाबून पाहिली, कापडाची पारख असलेला माणूस तो. आणि जरा हसला.

"खरं बोलायची पोर. म्हणायची, अक्का खळ फार घालतात, दिवसभर मानेला टोचतं. पण त्यांना सांगायची हिंमत नाही."

 माझ्या खळीचा बँड तिने कधी गळ्यात घातलाच नव्हता. मी तो धुतला तेव्हा ती बाकावर बसलेली होती, आणि तो दोरीवरून काढायच्या आत ती गाडीला गेली होती.

तो बँड पिशवीत घालून गेला. आबासाहेब त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आले. आल्यावर मला एवढंच म्हणाले, "ती रोज कुठे जात होती?"

मी शोधलं. कोर्टाबाहेर टाईप करायला बसतो तो भिकनभाऊ म्हणाला, "होती ना एक. काळा कोट, बारीकशी. कोर्टात मागच्या बाकावर बसायची, वहीत लिहायची. मला वाटलं तुमच्याकडचीच."

"गळ्यात बँड होता का?"

"अक्का, येणाऱ्या-जाणाऱ्या बठ्ठ्यांचे गळे बघत बसू का मी?"

तिने घरी नोकरीला लागले म्हणून सांगितलं असेल, परत फिरवता आलं नसेल. तेवढं मला समजतं. मी तिला पहिल्याच फोनला नाही म्हटलं असतं तर ती रडली असती, मला शिव्या दिल्या असत्या आणि जळगावला कुठेतरी लागली असती. हेही समजतं, आणि ते मी माझ्याकडून काढून टाकत नाही. डेंग्यूचा डास कुठला हे कोणी सांगू शकत नाही, पण ती त्या कोर्टाच्या बाकावर बसायला आमच्या "कळवू"मुळे जात होती.

बँडचं मात्र मला समजत नाही. कुलपातला बँड कसा मळत होता, ती होती तोवरच का मळला, ताप आला त्या आठवड्यात तसाच का राहिला... दोन वर्षं विचार केला. स्टेनो बाई म्हणतात की तिने दुसरा बँड घेतला असेल. घेतला असेल. मग माझ्या पेटीतला कोण बांधत होतं? कोणाला सांगता आलं तर सांगा. 

मी नंतर एका ज्युनियरला विचारलं, "काय रे, माझी खळ टोचते का?"

तो आधी इकडे तिकडे बघायला लागला. मग म्हणाला, "टोचते अक्का. पहिल्यापासून. पण तुम्हाला कोण सांगणार?"

आता खळ कमी घालते. आणि इंटरव्यू झाले की ज्यांना घेतलं नाही त्यांना त्याच संध्याकाळी मी स्वतः फोन लावते. आबासाहेब म्हणाले, कोणीतरी सभ्य भाषेत सांगेल. म्हटलं, माझ्याच भाषेत सांगणार. नाही म्हणजे नाही, दुसरीकडे बघ.

शाहीनची चिठ्ठी मी काढली नाही. आबासाहेबांनी सुताराला बोलावून शेजारी नववी खुंटी ठोकून घेतली. यंदा जामनेरची एक मुलगी लागली. पहिल्या दिवशी कोट अडकवताना तिने विचारलं, "अक्का, ही शाहीन कोण? दिसली नाही."

मी म्हटलं, "तुझी सीनियर."