सील केलेली फ्लॉपी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हिंगण्याच्या एका कारखानदाराचं वकीलपत्र मी घेतलं. नोकरी सोडताना त्याच्या ऑपरेटरने कॉम्प्युटरमधली सगळी डिझाइन्स फ्लॉपीवर उतरवून नेली होती. आठवडाभर ग्रंथालयात बसून मी टिपण काढलं. स्वीडनमध्ये दुसऱ्याची माहिती परवानगीशिवाय उघडणं हाच गुन्हा होता, अमेरिकेत सरकारी कॉम्प्युटरमध्ये नुसतं शिरणंही. आमच्या दंड संहितेला मात्र चोरीसाठी जागेवरून हललेली वस्तू लागे.

टिपण बाजूला सारून ठाणेदाराने विचारलं, "वकीलसाहेब, गेलं काय?"

"गेलं काही नाही, नक्कल झाली."

"मंग चोरी काहून म्हणून राहिले तुम्ही?"

तासभर डोकं फोडल्यावर तोडगा निघाला. फ्लॉपी कारखान्याची होती, म्हणून चोरी फ्लॉपीची. ऑपरेटरच्या घरून ती जप्त झाली. मी पंचनाम्याच्या मजकुरावरून भांडत होतो, तेवढ्यात जमादाराने दाभणाने फ्लॉपीला आरपार भोक पाडलं, दोरा ओवला आणि गाठीवर तापलेली लाख ओतली. मी ओरडलो, तर तो शांतपणे म्हणाला, "सील नसन तं कोर्ट मुद्देमाल मानत नाही साहेब." आणि ते खरंच होतं.

कोर्टाने विचारलं, फ्लॉपी कारखान्याचीच कशावरून? हिच्यात डिझाइन्स आहेत हे दाखवा. त्या फ्लॉपीतून आता काहीच उघडणार नव्हतं.

माझं टिपणही तसंच दाभणाने टोचून फायलीला लावलं होतं. भोक समासात पडलं होतं, त्यामुळे त्यातलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. ते शेवटपर्यंत कोणी वाचलं नाही.