माशांच्या देवी

आईच्या लहानपणी लस टोचण्याला 'देवी काढणं' म्हणत. देवीचा तो रोग जगातून गेला, पण शब्द आईच्या तोंडात राहिला, आणि मागच्या वर्षी त्या शब्दानं आमच्या तळ्यावर जत्रा भरवली.

इथं कन्नड मुलखात, बोगादी गावाच्या पलीकडे माझं आणि धाकट्या भावाचं मिळून एक तळं आहे. मी त्यात रोहू पाळते. त्याआधीच्या थंडीत माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले आणि बघता बघता तळं पांढऱ्या पोटांनी भरून गेलं. भाऊ म्हणाला, "अक्का, साकु, पुरे आता. यंदा परत मेले तर होंड बुजवायचं आणि साइटी पाडायच्या." होंड म्हणजे तळं, साइटी म्हणजे घरांचे प्लॉट. घरं सरकत सरकत आमच्या कुंपणाला टेकली होती, गिऱ्हाईकही त्यानं हेरून ठेवलं होतं. मी रागाच्या भरात "चालेल" म्हणून बसले.

मग एक शास्त्रज्ञ बाई भेटल्या. याच रोगावरची नवी लस त्या तपासून बघत होत्या. म्हटलं, आमच्याच माशांवर बघा.

लवंगेचं तेल घातलेल्या पाण्यात वीतभर मासे गुंगायचे. आई ओल्या फडक्यात एकेक धरून पुढे करायची, बाई पोटात सुई टोचायच्या, मी ताज्या पाण्यात सोडायची. आडवा पडलेला मासा सरळ होऊन शेपूट हलवायला लागला की आई म्हणायची, "उठलं गं बाळ!" फरक कळावा म्हणून बाईंनी थोडे मासे न टोचता सिमेंटच्या टाकीत ठेवायला लावले. पाणी तळ्यातलंच.

संध्याकाळी शेजारणीनं विचारलं, दिवसभर काय चाललं होतं? आईनं आपला मराठी शब्द उचलून सरळ कन्नडात बसवला: "होंडदल्लि देवी तेगिसिद्वि." तिला म्हणायचं होतं, तळ्यातल्या माशांना लस टोचली. शेजारणीला कळलं, तळ्यातून देवी काढली.

सकाळी फाटकाशी बायका उभ्या, हातात हळदकुंकू, जास्वंद, नारळ. माझं डोकंच फिरलं. "कसली देवी? लस आहे, लस!" पण ऐकतंय कोण! एकीनं पाण्यात कुंकू टाकायला हात उचलला तेव्हा मी अशी ओरडले की ती नारळ तिथंच ठेवून पळाली. आईची हसून हसून पुरेवाट झाली.

थंडी आली. टाकीतल्या माशांवर लाल चट्टे उठले. मी रोज जाळं टाकून तळ्यातले मासे उलटेपालटे करून बघायची. खवले स्वच्छ. टाकीतले बहुतेक गेले. तळ्यातले मात्र, चारदोन सोडले तर, खाद्य टाकलं की अख्खं पाणी घुसळून काढायचे.

मासे काढायच्या दिवशी जाळं इतकं जड झालं की ओढवेना. बांधावर उभा असलेला भाऊ पँट दुमडून स्वतःच पाण्यात उतरला. मी जिंकले होते, आणि ते साऱ्या बोगादीला ओरडून सांगावंसं वाटत होतं. तेवढ्यात जागेच्या त्या गिऱ्हाइकाचा फोन आला. भावानं ओल्या हातानं तो कानाला लावला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी गंभीर आवाजात म्हणाला, "आगल्ल सार. नम्म होंडदल्लि देवी इदाळे." जमणार नाही साहेब, आमच्या तळ्यात देवी आहे.

या वेळी मी 'लस, लस' म्हणून ओरडले नाही.