चित्रातल्या स्टेशनवर बाबा पकडले गेले…

आमच्या यवतमाळात एकदा बाबांना पोलिसांनी पकडलं… म्हणजे चित्रात! साठ सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात नुकतीच जायला लागले होते.

बाबा आमच्या छोट्या, अरुंद रुळांवरच्या गाडीच्या स्टेशनवर तिकीटबाबू. काळा कोट, चष्मा, कडक शिस्त. अख्खं गाव त्यांना ओळखायचं, आणि थोडं घाबरायचंही.

माझा मोठा भाऊ, दादा, याला चित्रकलेचं वेड. त्याला नागपूरला चित्रशाळेत शिकायला जायचं होतं आणि बाबांना त्याला रेल्वेत चिकटवायचं होतं. दिवाळीत एका सकाळी बाबा इतके ओरडले की शेजारीपाजारी ओट्यावर आले… त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद.

एका घरात दोन माणसं आणि मध्ये आई. "त्याले म्हण, जेवून घे." "त्याईले म्हण, भूक नाही." समोरासमोर बसून हे चालायचं. आईचा जीव अर्धा झाला होता.

अशात गावातल्या एका वकीलसाहेबांनी दादाला काम दिलं. त्यांच्याकडच्या विलायती पुस्तकात एका जुन्या रेल्वे स्टेशनचं रंगीत चित्र होतं, राणीच्या काळातलं. तेच मोठ्ठं करून, तैलरंगात, वाचनालयाच्या भिंतीसाठी हवं होतं.

काय गर्दी होती त्या चित्रात! घेरदार झग्यातल्या बाया, पेट्या उचलणारे हमाल, मुलांना निरोप देणारी एक आई… आणि उजव्या बाजूला डब्यात चढता चढता पकडला गेलेला एक माणूस. उंच टोपीवाल्या पोलिसाचा हात त्याच्या खांद्यावर.

दादानं ते वकीलसाहेबांच्याच मागच्या खोलीत काढलं. दोन-तीन महिने तो तिथेच असायचा. आम्ही घरच्यांनी कुणी ते पाहिलंच नाही.

ज्या दिवशी चित्र वाचनालयात टांगलं, त्या संध्याकाळी दादा मला दाखवायला घेऊन गेला. मी आधी इंजिन पाहिलं, मग झगे पाहिले… आणि मग तो पकडलेला माणूस पाहिला.

"दादा… हे तं बाबा आहेत!"

तो हसला. मग वाकून बघितलं आणि पांढराफटक पडला. पुस्तकातला चेहरा नखाएवढा, त्यात नाकडोळे काही कळत नव्हते. त्यानं मनानंच काढला, आणि हातातून नेमके बाबा उतरले. त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं हो!

"याले दाढी रंगवून टाकतो," तो म्हणाला. पण रंग-ब्रश सगळे वकीलसाहेबांकडे आणि इथे चपराशी कुलूप घेऊन उभा. सकाळी कार्यक्रम. त्यात वकीलसाहेब स्वतः स्टेशनवर जाऊन बाबांना आमंत्रण देऊन आलेले… बाबांना नाही म्हणता आलं नव्हतं.

सकाळी बाबा धुतलेला कोट घालून निघाले. आई, मी मागे. वाचनालयात दादा भिंतीला चिकटून उभा. पडदा सरकला, टाळ्या झाल्या. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते की कुणाला कळू नये.

पण गावच ते! कापसाचे एक दलाल मोठ्यानं म्हणाले, "अरे, हे तं आपले तिकीटबाबू! धरले की बाबूले!"

हशा पिकला. मग बाबांकडे पाहून सगळे गप्प झाले… आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

बाबा पुढे गेले. चष्मा पुसला, घातला. त्या माणसासमोर उभे राहिले. मग मान वळवून थेट दादाला विचारलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"हा माणूस तं भेलेला आहे. मी कधी भेलो रे?"

दादा भिंतीपासून पुढे आला. हळू म्हणाला, "मी नागपूरचं म्हटलं तवा. तुम्ही वरडत होते… पण डोळे असेच होते, घाबरलेले."

बाबांनी दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता सरळ घरी निघून जातील. पण ते लोकांकडे वळले, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "सापडलो बुवा!"

काय हसले लोक! वकीलसाहेबांनी तर डोळे पुसले.

घरी परतताना बाबा पुढे, दादा दोन पावलं मागे. बाबा न वळताच म्हणाले, "नागपूरले जाचं तं मूर्तिजापूरले गाडी बदलावी लागते. सामान कमी ठेवजो."

बस, एवढंच. आई रस्त्यातच थांबून पदरात रडली. त्या दुपारी घरात निरोप पोचवायला कुणी लागलं नाही… चौघं एका पंगतीत जेवलो.

दादा जूनमध्ये गेला. पुढे वणीच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला, आयुष्यभर मजेत राहिला. चित्र मात्र वाचनालयाच्या गळक्या भिंतीनं खाल्लं.

पुढे माझी लेक शिकायला दूर जाते म्हणाली, तेव्हा माझाही आवाज चढायला लागला होता. पण मध्येच थांबले आणि सरळ सांगितलं, "मला भीती वाटते गं." ती जवळ येऊन बसली, आणि भांडण झालंच नाही… एवढं शहाणपण मला बाबा आणि दादा, या दोघांनी दिलं. दोघंही आता नाहीत, म्हणून इथे लिहिलं.