रांगेत उगवलेलं देवधान

वरठीला गाडीतून उतरलो तेव्हा खिशात एक कोरं पोस्टकार्ड होतं आणि डोक्यावर पुण्यातल्या आठ मित्रांचा हुकूम. ‘तू आधी जाऊन ये. तलावावर पाखरं असतील तर कळव, नाताळात आम्ही निघतो. नसतील तर यंदा कोकण.’ तिथे पूर आला त्याआधी सलग तीन हिवाळे आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या त्या तलावावर पक्षी बघायला गेलो होतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो. अडई आणि तलवार बदक यांतला फरक मला अजूनही विचारून घ्यावा लागतो. पण दिवाळीची सुटी सर्वांत लांब माझी, म्हणून दूत मी.

एस.टी. मोहाडीपर्यंत गेली तोवर शेजारच्या बाईंच्या टोपलीतल्या कोंबडीनं माझा बिस्किटांचा पुडा फोडला होता. मी तोंड वाकडं केलं, तर बाईच म्हणाल्या, “तिच्याजवर काहून ठेवलं जी?” बरोबरच होतं त्यांचं. उरलेली बिस्किटं कोंबडीला देऊन टाकली आणि पुढे तुमसरपर्यंत आमची चांगली गट्टी जमली.

तुमसरहून रेंगीनं (हलकी बैलगाडी) निघालो. दोन्ही बाजूंना पिवळं धान, कुठे कापणी चाललेली, आणि समोर आंबागडचा डोंगर. गाव त्याच्या अलीकडेच. तलावाच्या पाळीवर (मातीचा बांध) झिबल उभा होता; कशासाठी येतोय ते मी त्याला आधीच कळवलं होतं. झिबल म्हणजे इथला मासेमार. पहाटे आम्हाला डोंग्यातून (लाकडाची अरुंद नाव) पाखरांजवळ नेणारा तोच, आणि परतल्यावर गरम भात वाढणारी त्याची बायको कौसल्याबाई. मला बघून तो हसला, पण लगेच विचारलं, “काय लिवसान गुरुजी पुन्याले?”

“आधी बघू तरी दे!”

“पाव्हने नाही आले, त मी बी वरठीले जाऊन राहिलो. साळा कारखान्यात लावून देतो म्हनते.” मागे पाळीवर त्याचा नवा डोंगा पालथा घातलेला होता. पोस्टकार्डाचं ओझं मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

जेवायला मरळ माशाचा रस्सा आणि नव्या धानाचा भात होता. गावचे शेतकरी मारोतराव पाटील ओसरीवर येऊन बसले होते, मान खाली घालून. त्यांची हकिकत जेवता जेवता कळली.

दोन वर्षांपूर्वीच्या पुरात तलावाची पाळ फुटली, पाणी, मासळी, डोंगे, सगळं गेलं. पुढच्या उन्हाळ्यात शेतकरी आणि मासेमार, दोघांनी मिळून मातीच्या टोपल्या वाहिल्या आणि पाळ बांधली. पाऊस आला, तलाव भरला, आणि त्यात पूर्वीसारखं देवधान उगवलं. देवधान म्हणजे तलावात आपोआप येणारं रानधान. पाखरं त्याचेच दाणे खातात, त्याच्याच आडोशाला राहतात. नांगर लागलेला नसतो म्हणून बायकांना ते उपासालाही चालतं. पण हेच रोप शेतात उगवलं की शेतकरी त्याला करगा म्हणतो आणि दिसलं की उपटतो.

“झिबल सासुरवाडीले गेला होता,” पाटील म्हणाले. “आमाले वाटलं, बिचाऱ्यानं आमच्यासंगं माती वायली, तवरीक त्याचा तलाव निंदून देऊ. सारं गाव लागलं. एक काडी ठेवली नाही.”

“मी वापस आलो,” झिबल म्हणाला, “आन् पाळीवर बसूनच राहिलो.”

त्या हिवाळ्यात पाखरं आली, घिरट्या घालून गेली. पाहुणेही आले नाहीत. झिबल पाटलांशी बोलेना. शेवटी यंदा आषाढात पाटलांनी दुसऱ्या तलावातून देवधानाची रोपं गाडीभरून आणली आणि गावच्या बायांकडून तलावात रोवणी करून घेतली. ती पण दोरी लावून, सरळ रेषेत, कारण पाटलांना दुसरी रोवणी येतच नाही!

“पन मानसानं रोवलेलं उपासाले कसं चालन गुरुजी?” कौसल्याबाई म्हणाल्या. “मी त तोंडात नाही घातलं.”

पहाटे झिबलनं डोंगा पाण्यात लोटला. पाटील म्हणाले, मी पण येतो. जन्मात ते कधी डोंग्यात बसले नव्हते. धुकं विरळ झालं आणि मला हसू आवरेना. तलावात देवधानाच्या सरळ रांगा होत्या आणि त्यांच्या मधून अडई शिस्तीत पोहत होत्या. माझ्या वर्गानं अशी रांग कधी धरलेली नाही. पण खरं सांगायचं तर पाखरं थोडीच होती. एवढ्यासाठी आठ माणसांना पुण्याहून बोलवावं का? झिबल माझ्या तोंडाकडे बघत होता, मी पाण्याकडे.

तेवढ्यात रांगेच्या बाहेर देवधानाचं एक थोंब (झुपका) दिसलं. पाटलांचा हात सवयीनं गेला.

“हात मांगं घ्या पाटील!” झिबल ओरडला. डोंगा डुगडुगला, आणि माझी चित्रांची वही तलावार्पण झाली. झिबल वाकून बघत राहिला. “हे तुमी रोवलं?”

“मी? माही रांग चुकत नाही बा!”

“मंग हे आपलं आपुन आलं.” त्यानं पाण्यात हात घालून बुंधा चाचपला. “पाटील, चिखलात बियानं राहिलं होतं गा. तलाव जिता हाय.”

पाटलांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मलाही भरून आलं. वहीचं मात्र अजिबात वाईट वाटलं नाही. दुपारी कौसल्याबाईंनी त्या थोंबाशेजारी बांबूची काडी रोवून लाल चिंधी बांधली. “यंदा पाखरांचं,” त्यांनी नवऱ्याला बजावलं, “पुढच्या साली माह्या उपासाचं.”

वरठीच्या फलाटावर मी पोस्टकार्ड लिहिलं: ‘पाखरं थोडी आहेत. तरी या. लाल चिंधी बांधलेलं एक थोंब दाखवायचं आहे.’

नाताळात आठही जण आले. झिबल वरठीला आला खरा, पण आम्हाला उतरवून घ्यायला. पाटील आमच्याबरोबर रोज डोंग्यात बसले, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून.

घरी परतलो तर तुळशीच्या कुंडीत काहीतरी अनोळखी उगवलेलं होतं. माझा हात गेला, आणि मागे आला. त्याला मी रोज पाणी घालतो आहे. काय आहे, ते अजून कळलेलं नाही.